सात मीटरचा मातीचा बांध: गळती, खचलेला उतार आणि सांडव्यावरचे दगड

आधी बांधाची माहिती, म्हणजे पुढचे आकडे कळतील. उंची ७ मीटर, लांबी १४० मीटर, माथ्याची रुंदी अडीच मीटर. आत काळ्या मातीचा गाभा, वर मुरूम, पाण्याकडच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं आवरण. पाण्याकडचा उतार अडीचास एक (आडवं अडीच, उभं एक), खालचा दोनास एक. उजव्या टोकाला ९ मीटर रुंदीचा सांडवा, जादा पाणी वाहून जायला. भरावाखालून ३०० मिमीचा एक नळ जातो, त्याचा व्हॉल्व्ह खालच्या तोंडाला आहे. तलाव भरला की पाण्याचा पसारा ३.२ हेक्टर, साठा अंदाजे ७७ हजार घनमीटर. बांधतानाचा एकही कागद कुणाकडे नाही.

मोठं धरण म्हणजे साधारण १५ मीटर आणि त्यावरचं, अशी जगभर चालणारी व्याख्या आहे. त्याखालच्या बांधाकडे सहसा कुणी फिरकत नाही. आमच्याकडेही फिरकलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही.

३ नोव्हेंबर

खालच्या पायथ्याशी, नळाच्या तोंडापासून ६ मीटर डावीकडे, गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त हिरवा दिसला. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत गेला. पाणी स्वच्छ आहे, बारीक धारेनं ओहोळाकडे जातंय. तलाव काठोकाठ भरलेला.

पुतण्या म्हणाला, "काका, हे गेल्या वर्षी पण होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? "तुम्ही विचारलं नाही." आजपासून वही त्याच्या ताब्यात.

५ नोव्हेंबर

गळती मोजायला व्ही-नॉच बसवला. पत्र्याच्या तुकड्याला ९० अंशांचा कोन कापला आणि धारेच्या वाटेत आडवा रोवला. पहिला प्रयत्न वाया. पत्रा फक्त एक वीत आत गेला होता, त्यामुळे पाणी खालून वाट काढून गेलं आणि खाच कोरडीच राहिली. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना आणि खाली चिकणमाती ठोकून बसवली, मागे छोटं डबकं तुंबू दिलं. तरी आकडे जुळेनात. कारण मी पट्टी खाचेतच धरत होतो. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. पट्टी मागे हात-दीड हातावर, जिथे पाणी सपाट असतं तिथे रोवायची आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला आणायचा.

आजचं वाचन ३.५ सेंमी. सूत्र असं: उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात, गुणिले १.३८, उत्तर घनमीटर दर सेकंद. आमचं आलं ०.३२ लिटर दर सेकंद, मिनिटाला १९ लिटर. बादली लावून पडताळलं, जवळपास तेवढंच.

एवढ्याला अर्धा दिवस पुरला असता. आमचे दोन गेले.

९ नोव्हेंबर

आज जे केलं ते कुणी करू नये. सहा जणांनी दिवसभर खपून पायथ्याची ओली जागा खणली, काळी चिकणमाती भरली आणि धुम्मसानं ठोकून बंद केली. संध्याकाळी नॉचवर १.५ सेंमी. मिनिटाला १९ लिटरवरून सव्वादोन लिटर. सगळे खूश. मीही.

१३ नोव्हेंबर, रात्र

दुपारी चारला पुतण्या पळत आला. बुजवलेल्या जागेपासून ११ मीटर डावीकडे आणि पायथ्यापासून ८० सेंमी वर, उतारातच नवा उमाळा फुटलाय. ताटाएवढं तोंड, मध्ये पाणी उसळतंय आणि कडेला बारीक रेतीचं कडं तयार होतंय, वारुळासारखं. पाणी गढूळ.

अमेरिकेतलं टीटन धरण मनात आलं. ५ जून १९७६ला सकाळी तिथे गढूळ गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. ते आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आणि पहिल्यांदाच भरत होतं. पण गढूळ पाणी म्हणजे आतली माती चालली आहे, हे सात मीटरलाही तेवढंच लागू.

खालच्या अंगाला राहणाऱ्या सगळ्यांना फोन गेले. अठरा माणसं, त्यांना उंचावर हलवलं. दोघं बॅटऱ्या घेऊन बांधावर. नळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. निवृत्त शाखा अभियंता असलेल्या ओळखीच्या साहेबांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न: "तुम्ही तोंड बुजवलं होतं का?" हो म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "पाण्याला अडवू नका. जाऊ द्या त्याला. माती तेवढी अडवा."

अंधारात आम्ही आणखी एक चूक केली. हाताला लागले ते मोठे दगड उमाळ्यावर टाकले. दगडांच्या फटींतून माती बिनबोभाट येत राहिली आणि उमाळा दिसेनासा झाला, म्हणजे नजरेनं जे कळत होतं तेही गेलं.

१४ नोव्हेंबर

उजाडताच दगड काढले. साहेब स्वतः आले. त्यांनी सांगितला तो क्रम:

आधी उमाळ्याभोवती मातीच्या गोण्यांचं गोल कडं, सुमारे ४० सेंमी उंच. आत पाणी तुंबलं की त्याचं वजन उमाळ्यावर येतं आणि उसळणं मंदावतं. कडं पाणी बंद करायला नाही, वरून वाहू द्यायचं. उसळणं बसलं की मग वाळू. आम्ही कडं पुरं व्हायच्या आधीच पहिली दोन घमेली वाळू ओतली, ती डोळ्यांदेखत उडून गेली.

जाडसर वाळूचा २० सेंमीचा थर, त्यावर ६ ते १० मिमीच्या कचेचा २० सेंमी, त्यावर ४० मिमी खडीचा ३० सेंमी, शेवटी हाताने रचलेले दगड. याला उलटा फिल्टर म्हणतात. नियम मृदा-अभियांत्रिकीतल्या टर्झागी यांचा: फिल्टरच्या ज्या कणांपेक्षा १५ टक्के माल बारीक असतो, त्यांचा आकार खालच्या मातीच्या ८५ टक्केवाल्या कणांच्या चौपट-पाचपटीपेक्षा मोठा नको. म्हणजे प्रत्येक थरानं खालच्या थराला धरून ठेवायचं आणि पाण्याला सोडायचं. चाळण्या नव्हत्या, साहेबांनी चिमटीत घेऊन ठरवलं. वाळू धुऊन घ्यावी लागली. मूठभर वाळू बाटलीत हलवली तर वर बोटभर गाळ बसला होता. असा गाळ फिल्टरलाच बुजवतो.

दुपारी दोनला कड्यावरून येणारं पाणी निवळलं. मग ९ तारखेला ठोकलेली चिकणमाती उकरून काढली आणि तिथेही हाच फिल्टर घातला. दोन्हीकडचं पाणी चर काढून एकाच नॉचवर आणलं.

वाचन ४.२ सेंमी, मिनिटाला ३० लिटर. पहिल्या दिवसापेक्षा जास्त. आणि आज आम्ही झोपणार आहोत.

खर्च: वाळू ३ ट्रॉल्या, कच २, खडी ३, माणसं चौदा, एक रात्र आणि एक दिवस.

१७ नोव्हेंबर

१३ तारखेच्या गढूळ पाण्याची दहा लिटरची बादली भरून ठेवली होती. वरचं निवळ ओतून खालचा गाळ वाळवला आणि वजनकाट्यावर ठेवला. २२ ग्रॅम. उमाळ्याखाली ती बादली ५० सेकंदांत भरत होती. हिशेब केला तर दिवसाला ३८ किलो माती बांधाच्या पोटातून बाहेर. बादलीत बघताना हा गाळ काहीच वाटत नव्हता.

आता रोज सकाळी एक लिटरची पारदर्शक बाटली भरून तारीख टाकून फळीवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी तळाशी काही बसलंय का बघायचं. आजवर चार बाटल्या, चारही स्वच्छ.

२० ते २८ नोव्हेंबर

गळती कुठून, हा प्रश्न. सगळ्यांचं बोट नळाकडे. भरावाच्या पोटातून जाणारा नळ ही मातीच्या बांधाची दुखरी जागा असते. नळाभोवती माती नीट ठोकता येत नाही, सांधा उघडला तर पाणी थेट मातीत. पानशेतला १२ जुलै १९६१ला नळावरचाच भराव खचला होता, हे आठवून जो तो मला समजावत होता.

नळ आतून बघायचा म्हणून लाकडी फळीला चार छोटी चाकं लावली, वर मोबाइल आणि बॅटरी बांधली आणि पीव्हीसी पाइपच्या दांडीनं आत ढकललं. वरचं तोंड ताडपत्री आणि गोण्यांनी बंद केलं होतं. पहिल्या फेरीत काच धुकटली, काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत फळी उलटली आणि मोबाइल आत राहिला. तो काढण्यात एक दिवस गेला. तिसऱ्या फेरीत सगळे सांधे दिसले. एका सांध्यातून थेंब थेंब, बाकी कोरडं.

वरचं तोंड तीन दिवस बंद ठेवलं, म्हणजे नळात दाबाचं पाणीच नव्हतं. नॉचवर ४.२, ४.२, ४.१. तलावाची पातळीही तेवढीच उतरली होती. नळ निर्दोष. ही परीक्षा पहिल्या दिवशी केली असती तर फळी, मोबाइल आणि आठवडा वाचला असता.

२९ नोव्हेंबर

खेकडे. हो, आहेत. पाण्याच्या रेषेवर पिचिंगच्या फटींत सतरा बिळं मोजली. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ला फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि सगळीकडे हसं झालं, त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच होतोय. बिळांत वाकवलेली तार घातली. सर्वांत खोल बीळ ७० सेंमी. त्या पातळीवर बांध सहा-सात मीटर जाड आहे. खेकडे सुटले.

उंदराची दोन बिळं खालच्या उतारावर सापडली, ती खणून मातीनं ठोकली. नुसतं तोंड बंद करू नका, आतली पोकळी तशीच राहते.

६ डिसेंबर

गळतीच्या नादात बांधाचा माथा कुणी बघितलाच नव्हता. वीस मीटरच्या लेव्हल पाइपनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, दर दहा मीटरवर पातळी घेतली. शेवटी फेरा बंद करायला सुरुवातीच्या खुंटीवर परत आलो तर ७ सेंमीचा फरक. नळीत दोन बुडबुडे अडकले होते. सगळं पुन्हा. नळी भरताना एकच टोक बादलीत बुडवून दुसरीकडून ओढायचं, आणि दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघायचं.

निकाल: माथा मधोमध ३५ सेंमी खचलेला. चालताना जाणवत नाही.

मग सांडवा. मुळात सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथा दीड मीटर उंच. लाटांसाठी वगैरे ६० सेंमी सोडले तर ९० सेंमी जाडीचं पाणी सांडव्यावरून जाऊ शकतं. ९ मीटर रुंदीला ते सेकंदाला १३ घनमीटर होतं. आमचं पाणलोट ८० हेक्टर, तासाला १०० मिमीचा पाऊस धरला तर साधारण ९ घनमीटर येतील. ठीक.

पण उंबऱ्यावर दगड आणि गोण्या रचून ४० सेंमी बंधारा घातलेला आहे. म्हणजे ९०तून ४० गेले. माथा खचल्याचे ३५ गेले. उरले १५ सेंमी. १५ सेंमीला सांडवा वाहतो सेकंदाला ०.९ घनमीटर. दोनदा केलं, तेच येतं. तेराचा सांडवा एकावरही नाही. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की खालचा उतार कापत कापत जातो. गुजरातमधल्या मोरबीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ला सांडव्याला न पेलणारं पाणी वरून जाऊनच गेलं होतं.

गळतीनं आमची झोप उडवली, पण बांध बहुधा आधी या दगडांनी गेला असता.

दगड तात्यांनी रचलेले. गेलो त्यांच्याकडे.

"तात्या, सांडव्यावरचे दगड काढावे लागतील."

"काढ की. आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणतोस ते पण सांग."

त्यांचं म्हणणं पोकळ नाही. ३.२ हेक्टरवर ४० सेंमी म्हणजे १ कोटी २८ लाख लिटर. शेवटच्या दोन पाळ्या त्यावरच निघतात. मी आकडे सांगत बसलो, ते ऐकत होते पण पटत नव्हतं. शेवटी त्यांना माथ्यावर नेलं, सांडव्याच्या बंधाऱ्याची पातळी नळीनं टप्प्याटप्प्यानं मधोमध आणली आणि तिथे टोक त्यांच्या हातात दिलं. पाण्याची रेषा माथ्याच्या फक्त ७५ सेंमी खाली. "म्हणजे पूर आला की इथपर्यंत?" मी म्हटलं, नाही, हे पूर यायच्या आधीचं अंतर आहे, बंधाऱ्यापासून माथ्यापर्यंत एवढंच राहिलंय. त्यात पूर बसवायचा. ते बराच वेळ नळीकडे बघत राहिले. "उद्या दोन पोरं पाठव," म्हणाले.

२७ डिसेंबर

माझी सर्वांत महाग चूक. पाण्याकडचा पायथा बघायचा म्हणून तलाव उतरवायला घेतला. साहेबांनी दिवसाला ३० सेंमीच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी घाईत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला, दिवसाला ६०नं उतरत होतं, मला बरंच वाटलं. चार दिवसांत २.४ मीटर.

आज सकाळी माथ्यावर पाण्याकडच्या कडेपासून ४० सेंमीवर, माथ्याला समांतर भेग. २३ मीटर लांब, ३ सेंमी रुंद. खाली पिचिंगला पोट आलंय. बाहेरचं पाणी गेलं तरी भरावातलं पाणी तेवढ्या लवकर निघत नाही. माती पाण्यानं जड, बाहेरून टेका नाही, मग ती घसरते.

व्हॉल्व्ह बंद. भेगेवर ताडपत्री, कडांना माती. काही जण भेगेत पाणी ओतून "बसवू" म्हणत होते, त्यांना हात जोडले. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजतोय.

५ जानेवारी

भेग ३ सेंमीवर थांबली, नऊ दिवसांत वाढ नाही. आता दिवसाला २० सेंमी उतरवतोय.

११ जानेवारी

सापडलं. पुतण्या तराफ्यावरून बांबूनं तळ चाचपत होता. बांधाच्या पायथ्यापासून ५ मीटरवर बांबू एकदम दीड मीटर जास्त आत गेला. सगळीकडे टोचून बघितलं. १२ बाय ८ मीटरचा खड्डा, खोली १.८ मीटरपर्यंत. तिथून बांबूच्या टोकाला वाळू आली. बाकी तळावरून चिकट गाळ येतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गाळ काढला होता. शेतात टाकायला माती हवी होती आणि बांधाजवळून ट्रॉलीची फेरी जवळ पडायची. हा खड्डा आमचाच. तळाचा गाळ हा फुकटचा अस्तर असतो, तो खरवडून आम्ही खालच्या वाळूच्या पट्ट्याला तोंड पाडलं. "गेल्या वर्षी पण होतं" याचा अर्थ आज लागला.

खात्री करायला फ्लुरोसिन हा हिरवा रंग नळीनं खड्ड्याच्या तळाशी सोडला, सकाळी ९.१०ला. दुपारी ३.४०ला नॉचवर हिरवट पाणी. चाळीस मीटर साडेसहा तासांत. धड मातीतून पाणी असं जात नाही, तिथे वाट पडली आहे.

फेब्रुवारी

नळाच्या तोंडाखालचं शेवटचं मीटरभर पाणी पंपानं उपसलं, ५८ लिटर डिझेल. खड्डा उघडा पडल्यावर तळाशी मनगटाएवढं भोक दिसलं, त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या. मी तिथे बसून बराच वेळ नुसता बघत होतो. त्यात बॅटरी मारली तर हातभर आत बांधाकडे वळलेलं.

मातीची निवड: दोन ठिकाणची काळी माती होती, दिसायला सारखी. दोन्हींचे बोराएवढे वाळलेले खडे पावसाच्या साठवलेल्या पाण्यात काचेच्या ग्लासात सोडले, न हलवता. एक खडा ढासळून ढीग झाला, पाणी निवळच. दुसऱ्याभोवती दहा मिनिटांत धुरासारखा ढग पसरला आणि तासाभरात ग्लासाचा तळ दिसेना. दुसरी माती बाद, ती पाण्यात विरघळल्यासारखी निघून जाते. नोव्हेंबरात ठोकलेली माती तीच होती.

खड्ड्याच्या कडा तिरप्या करून घेतल्या. भोकाचं तोंड फोडून रुंद केलं, पोचेल तिथवर ओली माती कोंबली आणि मग १५-१५ सेंमीचे थर. पहिले दोन थर कोरड्या मातीचे गेले. धुम्मस मारला की धूळ उडत होती, आणि दुसऱ्या दिवशी पहार सहज वीतभर आत. दोन्ही थर काढले. मातीला आदल्या संध्याकाळी पाणी मारून झाकून ठेवायचं. मुठीत दाबून गोळा झाला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये, आणि गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तीन-चार तुकडे व्हावेत. थरावर पुढचा थर टाकण्याआधी टिकावानं खरवडून घ्यायचं, नाहीतर थर पोळीसारखे सुटे राहतात.

खड्डा भरल्यावर वर पायथ्यापासून १० मीटरपर्यंत ६० सेंमीचं अस्तर. खड्ड्यालाच ७२ ट्रॉल्या, अस्तर वेगळं. ट्रॅक्टर त्यावर मागेपुढे चालवला. १९ दिवस.

मार्च

घसरलेला उतार. वरवर भरून चालत नाही. भेगेच्या तळापर्यंत सगळी सुटी माती काढली, धड मातीत पायऱ्या कापल्या, त्यांवर २० सेंमीचे थर चढवत वर आलो. पायथ्याला दगडांचा टेका. पिचिंग पुन्हा लावताना खाली कचेचा थर घातला, पूर्वी नव्हता. २६ ट्रॉल्या, सात माणसं, अकरा दिवस. व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला असता तर हे सगळं टळलं असतं.

खालच्या उतारावरची पाच झाडं काढली. बारीक होती तोवर मुळांसकट निघतात. एक मांडीएवढं जाड होतं, त्याचं खोड तोडून सोडायचं नाही. मुळं कुजली की तिथे आयत्या नळ्या तयार होतात. तलाव रिकामा होता म्हणूनच मुळं खणायचं धाडस केलं, खड्डा थरांनी भरला.

एप्रिल

माथा ३५ सेंमी उचलायचा. निम्म्या लांबीत माती टाकून झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही उतार तसेच वर नेले तर माथा ९० सेंमीच उरतो, त्यावरून ट्रॅक्टर कसा जाणार? उतार पायथ्यापासून रुंद करायला माती नाही, दिवस नाहीत. तडजोड: दोन्ही कडांना ३५ सेंमी उंच दगडी कठडा, मध्ये ठोकलेली माती. साहेबांना फारसं आवडलेलं नाही. मधोमध १० सेंमी जास्त ठेवले, पुढे खचणार हे धरून. माथ्याला पाण्याकडे थोडा कल दिला, म्हणजे पावसाचं पाणी खालचा उतार कापणार नाही.

सांडव्याचा उंबरा मोकळा, पुढच्या चरातली झुडपं काढली. तात्यांच्या पाण्याची भरपाई म्हणून गाळ काढतोय, या वेळी बांधाच्या पायथ्यापासून ३० मीटर सोडून. खुंट्या आणि दोरी बांधली आहे. पावसाआधी ९४० ट्रॉल्या निघाल्या, २,८०० घनमीटर. गमावलेल्या १२,८०० पुढे ते किती, हे तात्यांनी मला न विचारता सांगितलं.

२३ जून

पाणी चढतंय. मुद्दाम व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून हळू भरतोय, दर मीटरला दोन दिवस थांबून. नॉच कोरडा. तीन मीटरवर पहिली ओल.

८ जुलै

पाच मीटर. नॉचवर १.४. बाटली स्वच्छ. भरलेल्या खड्ड्याच्या रेषेत खालच्या उतारावर अनवाणी चाललो. पायाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. कोरडं.

१९ जुलै

पहाटे सांडवा वाहायला लागला. उंबऱ्यावर २२ सेंमी पाणी, धार गढूळ, पण ती ओढ्याची. नॉचवर २.० सेंमी, मिनिटाला पावणेपाच लिटर, आणि ती बाटली फळीवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवल्यावर वेगळी ओळखू येत नाही. कठड्याच्या एका सांध्यात माती बसली आहे, दोन बोटं. उद्या बघू.

२ ऑगस्ट

सांडवा थांबला. उंबऱ्यावर तीन दगड ओळीनं ठेवलेले होते. उचलून खाली टाकले, पुतण्यानं वहीत लिहिलं.